कासहून ओमेगा सेंटॉरी आणि ब्लू स्ट्रॅगलर

कासच्या पठारावरून आठ इंची दुर्बिणीतून ओमेगा सेंटॉरी या लाखो ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छातले ब्लू स्ट्रॅगलर (गुच्छाच्या वयाच्या मानाने जास्त निळे आणि तेजस्वी दिसणारे तारे) दिसतील का आणि त्यावरून गुच्छाचं वय कळेल का, असं एकाने विचारलंय. साताऱ्यातून हा गुच्छ दक्षिणेला जेमतेम २५ अंश वर येतो. एप्रिल-मेमध्ये जरूर बघा, पण हे तारे आठ इंचीच्या आवाक्यातले नाहीत. शिवाय त्यांवरून कळतं ते जन्मापासूनचं वय नव्हे. गुच्छ आतून किती मुरलाय, म्हणजे जड तारे केंद्राकडे किती सरकलेत, ते कळतं.

तिथले सूर्याच्या ०.८ पटीहून जड साधे तारे मुख्य क्रमावरून, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळण्याच्या टप्प्यातून, केव्हाच उतरलेत. ब्लू स्ट्रॅगलर मात्र १.२ पटीच्या आसपास. जोडीदाराचं वस्तुमान ओढून किंवा टकरीतून जड झालेले. म्हणून ते हळूहळू केंद्राकडे बसत जातात.

करून बघायचं तर गाइया या अवकाश दुर्बिणीचा डेटा घ्या. निजगतीवरून (आकाशात तारा सरकण्याच्या वेगावरून) गुच्छाबाहेरचे परके तारे गाळा. मग ब्लू स्ट्रॅगलर आणि तुलनेसाठी साधे तांबडे राक्षसी तारे, दोघांचे केंद्रापासूनच्या अंतरानुसार संचयी आलेख (त्या अंतराच्या आत एकूण किती टक्के तारे आहेत ते दाखवणारे) काढा. अंतर लॉग मापात. दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ जितकं जास्त, तितका गुच्छ जास्त मुरलेला.

घोटाळा होतो तो गाभ्यात. दाटीमुळे गाइयाच्या नोंदीतून तारे सुटतात, आणि साध्या दृश्य प्रकाशात दोन तारे एकत्र मोजले गेले की जोडी ०.७५ प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) तेजस्वी होऊन खोटा ब्लू स्ट्रॅगलर बनते. तिथे हबलची अतिनील निरीक्षणंच हवीत.

ओमेगा सेंटॉरीत दोन्ही वक्र जवळपास जुळतात. त्यामुळे फरक बघायला एम ३० हा दुसरा गोलाकार गुच्छ घ्या. त्याचा गाभा कोसळलेला आहे, म्हणजे तारे केंद्रात फार दाटून आलेत.