लांडगीण असलेलं छोटं रोमन नाणं, वरचे दोन तारे कशाचे?

तांबडा_पैसा: मंडळी, लिलावातल्या एका मिक्स लॉटमध्ये हे आलंय. ब्राँझ, साधारण 17 मिमी, 2.4 ग्रॅम. पुढे शिरस्त्राण घातलेलं डोकं आणि ‘व्हीआरबीएस रोमा’ अशी अक्षरं, मागे लांडगीण दोन बाळांना पाजतेय. रोम वसवणारे जुळे भाऊ रोम्युलस-रीमस ते कळलं, पण वर दोन तारे कशाला? आणि सम्राटाचा चेहराच नाही, असं कसं? काळपट थर आहे, लिंबू लावून घासू का?

जुनी_टांकसाळ: आधी लिंबू बाजूला ठेवा!! ॲसिडने थर गेला की बारीक कोरीवकामही गेलंच समजा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ ब्रश फिरवा, बस.

नाणं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं. ‘उर्ब्स रोमा’ वाचायचं, म्हणजे रोम शहर, ते लोक यू च्या जागी व्हीच कोरायचे. डोकं रोमादेवीचं, म्हणजे खुद्द शहराचं, म्हणून सम्राट नाही. 330 साली कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) नवी राजधानी म्हणून सुरू झालं तेव्हा जोडीने दोन नाणी काढली, एक हे आणि दुसऱ्यावर जहाजाच्या पुढच्या टोकावर पाय ठेवून उभी विजयदेवता. मला तर वाटतं जुन्या रोमवाल्यांचा रुसवा काढायचीच सोय होती ती 😄 तारे बहुतेक जण ग्रीक-रोमन पुराणातल्या कॅस्टर आणि पोलक्सचे मानतात, तेही जुळेच.

अर्धा_आस: पण कॉन्स्टंटाइन तर ख्रिश्चनांच्या बाजूचा ना, मग लांडगीण कशी चालली?

जुनी_टांकसाळ: अहो त्याच्या आधीच्या नाण्यांवर तर कित्येक वर्षं सूर्यदेव होता, ‘सम्राटाचा सोबती’ असं लिहून. लांडगीण म्हणजे रोमची ओळख, ती पुसून कोणाचं भलं होणार होतं. नाण्यावर ती मान मागे वळवून पोरांकडे बघतेय ते नीट बघा, एवढ्याशा जागेत काय काम केलंय! @तांबडा_पैसा, तिच्या पायाखालच्या रेषेखाली काय अक्षरं आहेत?

तांबडा_पैसा: भिंगातून टीआरएस दिसतंय.

जुनी_टांकसाळ: मग ट्रिअरची टांकसाळ, आत्ताच्या जर्मनीतली. टीआर म्हणजे ट्रिअर, एस म्हणजे तिथला दुसरा कारखाना. वजनही जुळतंय, 335-36 नंतरची दीड ग्रॅमच्या आसपास उतरली, म्हणजे तुमचं आधीचं.

अर्धा_आस: असलीच चित्रं आवडत असतील तर नेमाउससचं (आजचं फ्रान्समधलं नीम) जुनं रोमन नाणं शोधा, ताडाला साखळीने बांधलेली मगर, इजिप्त जिंकल्याची जाहिरात. सुट्टे करायला लोक ते मधोमध तोडायचे, त्यामुळे अर्धी मगरही मिळते आणि तीही बऱ्यापैकी स्वस्तात.