सल्ला हवा: ब्राउझर आणि कमांड लाइन, दोन्हीकडं चालणारा स्कीम इंटरप्रिटर

मांजराकाठ: नमस्कार मंडळी. अंबाजोगाईकडं डिप्लोमाच्या पोरांना सुट्टीत प्रोग्रॅमिंग शिकवतो. यंदा स्कीम ही भाषा घ्यायचं नक्की केलंय, पण इंटरप्रिटर (कोड वाचून लगेच चालवणारा प्रोग्रॅम) कोणता ते ठरंना. लॅबमधल्या मशीन जुन्या, २ जीबी रॅमच्या. नेटचा भरवसा नाही. निम्मी पोरं घरी मोबाइलवरच सराव करणार. एकच कोड ब्राउझरमध्येही चालावा आणि कमांड लाइनवरही (काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून). खर्च शून्य. पायथन सुचवू नका, ते कॉलेजात आहेच.

गोदाकाठ_नांदेड: सर, पायथनच शिकवा. मुलाखतीत स्कीम कोण विचारतंय?

लातूरकर_९४: नवा लॅपटॉप घ्या आधी. मी दिवाळीत १६ जीबीचा घेतला, ५८ हजारांना. त्याच्यावर रॅकेट (स्कीमच्याच घराण्यातली भाषा) टाकलंय, एकदम झकास. चुकलेली जागा रंगवून दाखवतं. फंक्शनला मराठी नावं देता येतात, (बेरीज 2 3) लिहून पोरीला दाखवलं, लई खूश झाली.

मांजराकाठ: दादा, खर्च शून्य लिहिलंय वर.

परभणीचा_देवा: बिवास्कीम घ्या. जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं आहे, पानात एक फाइल जोडली की चालू. नोडवर (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) त्याच्या एनपीएम या इन्स्टॉलरनं बसवलं की 'बिवास' ही कमांड मिळते. कॉल-सीसी (चालू कामाची जागा धरून ठेवून नंतर तिथं परत जायची स्कीमची सोय) सुद्धा आहे. एक ध्यानात ठेवा, पेनड्राइव्हवरून पान उघडणार असाल तर साधा स्क्रिप्ट टॅगच (पानात फाइल जोडणारी ओळ) वापरा. टॅगमध्ये टाइप मॉड्यूल लिहिलं आणि फाइलवर डबल क्लिक केलं की क्रोम ती स्क्रिप्ट अडवतं. पान कोरं दिसतं, चूक फक्त ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीची खिडकी). आमच्या वर्कशॉपचा अख्खा तास यातच गेला, अन् नेटवाल्यानं त्याच दिवशी लाइन बंद ठेवलेली.

बालाघाट_बीड: मी लिप्स वापरतो, तेही स्कीमच. प्रॉमिस (उशिरा मिळणारं उत्तर) आपोआप सोडवतं, फेचसारखं, म्हणजे नेटवरून माहिती आणायचं, काम सरळ लिहिता येतं. मोठे पूर्णांकही जपतं. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरात १७१ चं फॅक्टोरियल काढून बघा, इन्फिनिटी येतं. फॅक्टोरियल तर पहिल्याच आठवड्यात शिकवणार ना?

धाराशिव_मुक्काम: कंस मोजून डोळे जातात. १९७५ ची भाषा, आता कशाला?

जालना_स्टील: कशाला म्हणजे? नेटस्केप या ब्राउझर कंपनीनं १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट बनवणाऱ्या ब्रेंडन आइख यांना ब्राउझरात स्कीम आणायला म्हणूनच घेतलं होतं. नंतर वरून आदेश आला, जावासारखी दिसायला पाहिजे. जावास्क्रिप्ट म्हणजे आतून स्कीमच.

बालाघाट_बीड: स्कीमच नाही. फंक्शनची रीत स्कीमची, प्रोटोटाइप (एका ऑब्जेक्टनं दुसऱ्याचे गुण घ्यायची रीत) सेल्फ नावाच्या भाषेचे.

जालना_स्टील: मी तेच म्हणतोय.

हिंगोली_कोडर: मोबाइलवाल्यांना टर्मक्स (अँड्रॉइडवर कमांड लाइन देणारं अ‍ॅप) द्या, एफ-ड्रॉइड या अ‍ॅप स्टोअरवरून. त्यात नोड बसतं. मग बिवास्कीम घाला. एक फाइल, सोपं.

परभणीचा_देवा: वर मीच सांगितलं ते.

गोदाकाठ_नांदेड: पायथनपण टर्मक्समध्ये बसतं.

मांजराकाठ: सगळ्यांचे आभार. बिवास्कीम आणि लिप्स दोन्ही चालवून बघितले, दोन्ही चांगले आहेत. पण मी ठरवलंय, पोरांकडूनच छोटा इंटरप्रिटर लिहून घ्यायचा. एक जावास्क्रिप्ट फाइल: कंस वाचून याद्या करणारा भाग, नावं साठवणारा भाग आणि इव्हॅल, म्हणजे त्या याद्यांची किंमत काढणारा भाग. तीच फाइल पानात जोडायची आणि तीच नोडनं चालवायची. तयार इंटरप्रिटर दिला की पोरं कोड चालवतात, पण नावाची किंमत कुठून येते हे त्यांना दिसत नाही. मला तेच दाखवायचंय.

परभणीचा_देवा: सर, सुट्टी पुरायची नाही. तयार घ्या.

बालाघाट_बीड: करणारच असाल तर इव्हॅल स्वतःलाच बोलवत राहील असा लिहू नका. लाखभर फेऱ्यांची लूप लावली की क्रोममध्ये स्टॅक (अर्धवट राहिलेले कॉल ठेवायची जागा) भरतो. क्रोम, फायरफॉक्स टेल कॉलला (फंक्शनातलं शेवटचं काम म्हणून केलेला कॉल) जागा वाचवत नाहीत, सफारी वाचवतं. इव्हॅलमध्ये व्हाइल लूप ठेवा, टेलच्या जागी नवा कोड आणि नवी नावं घालून परत वर जा. आणि आकडे बिगइंटमध्ये (जावास्क्रिप्टचे कितीही मोठे पूर्णांक).

मांजराकाठ: हे बरं झालं सांगितलं. आधी भाबडा इव्हॅल लिहून स्टॅक भरू देतो, मग पोरांकडूनच व्हाइल लूप घालून घेतो. बिगइंट दुसऱ्या आठवड्यात.