मदत हवी आहे: ट्रॅक्टरच्या मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या पीटीओची लिव्हर बंद केली तरी त्याचा शाफ्ट फिरतच राहतो, ब्रेक गेला की दुसरं काही?

निफाडची बाग:

नमस्कार मंडळी. द्राक्षबाग आहे, ट्रॅक्टर २००४ चा, पन्नासच्या आसपास एचपी. पीटीओ इंडिपेंडंट, म्हणजे पायाचा क्लच न दाबता वेगळ्या लिव्हरने चालू-बंद होणारा. तास नऊ हजारांच्या वर गेलेत. इंजिन अजून ठणठणीत आहे, त्यामुळे विकायचा विचार नाही.

मागे रोटर (माती फोडणारा रोटाव्हेटर) असला की लिव्हर बंद केल्यावर शाफ्ट थांबतो. फवारणीचा ब्लोअर असला आणि त्याचा पंखा न्यूट्रलला असला, किंवा मागे काहीच जोडलेलं नसलं, की तो फिरतच राहतो. सावकाश फिरतो, पण थांबत नाही. सकाळी गार असताना जास्त, दुपारी तेल तापल्यावर कमी.

गेल्या मंगळवारी फवारणी उरकून ब्लोअर सोडत होतो. मी लिव्हर बंद करून खाली उतरलो, वडील जॉइंटची पिन काढायला वाकले. इंजिन चालूच होतं, ही आमची चूक. वडिलांच्या खांद्यावरचा टॉवेल जॉइंटच्या क्रॉसमध्ये सापडला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा गुंडाळला गेला. वडिलांनी तो धरून ठेवला नाही म्हणून हात वाचला. त्या दिवसापासून मला झोप नाही. टॉवेल ब्लेडने कापून काढावा लागला, इतका घट्ट पिळला होता.

गावातले मिस्त्री म्हणतात, ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल, म्हणजे मधोमध सोडून दोन भाग वेगळे करावे लागतील, आठ दिवस लागतील. ऑक्टोबरच्या मध्याला गोड छाटणी (फळासाठीची) झालीय, आता भुरी रोगाच्या फवारण्या चालू आहेत, आठ दिवस ट्रॅक्टर उभा ठेवणं परवडणारं नाही. फोडायच्या आधी बाहेरून काय काय बघता येईल?

जुना फिटर, सांगली:

भाऊ, आधी एक काम आजच करा. इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्याशिवाय मागे कुणीही जायचं नाही, वडीलही नाहीत आणि तुम्हीही नाही. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. ३५ मिलिमीटरच्या उघड्या शाफ्टवर एका सेकंदात जवळपास मीटरभर कापड गुंडाळलं जातं, क्रॉसवर त्याच्या दुप्पट. माणूस हात मागे घेईपर्यंत खेळ संपलेला असतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आहे का तुमच्या? नसेल तर ब्रेकच्या आधी ते आणा.

आता दुखण्याकडे. आतला क्लच तेलात बुडालेल्या प्लेटांचा असतो. लिव्हर बंद केली की प्लेटांवरचा दाब जातो, पण मधलं तेल प्लेटांना थोडं ओढत राहतं. ती ओढ मोडायला ब्रेक दिलेला असतो. रोटरच्या वजनापुढे ती ओढ पुरी पडत नाही, म्हणून रोटर असताना शाफ्ट थांबतो. गार तेल घट्ट, म्हणून सकाळी जास्त. तुम्ही सांगितलेली लक्षणं ब्रेकचीच आहेत, क्लच चिकटल्याची नाहीत. क्लच चिकटला असता तर रोटरसुद्धा फिरला असता.

पण ब्रेक लागत नाही म्हणजे ब्रेक झिजलाच असं नाही. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लिव्हर पूर्ण मागे गेली तरच व्हॉल्व्ह ब्रेककडे तेल सोडतो. मधला सांधा झिजला की क्लच सुटतो, पण ब्रेकपर्यंत व्हॉल्व्ह पोचतच नाही. इंजिन बंद ठेवून शाफ्टच्या टोकावर खडूची रेघ मारा. मग एकाने सीटवर बसून चालू करायचं, दुसऱ्याने दहा फूट बाजूला उभं राहून मिनिटाचे फेरे मोजायचे. नंतर सीटवरच्याने लिव्हर बंदच्या बाजूला हाताने आणखी दाबून धरायची. फेरे कमी झाले तर दुखणं बाहेरच्या लिंकेजमध्ये, म्हणजे लिव्हरच्या दांडी-पिनांमध्ये आहे.

काळी माती (अकोला):

ट्रान्समिशनमध्ये तेल कोणतं आहे ते विचारतो. आमच्याकडे एकाने वर तेल टाकताना ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं होतं. ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक, ओले (तेलात बुडालेले) ब्रेक आणि पीटीओ एकाच तेलावर चालतात, तिथे त्यासाठीचं यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) तेलच लागतं. ९० नंबर घट्ट, त्यात प्लेटा आणखी ओढल्या जातात. तेलाबरोबर फिल्टरही बदला आणि जाळी धुऊन घ्या.

निफाडची बाग:

फिटर दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. सकाळी सातला, कडाक्याच्या थंडीत, मिनिटाला ५८ फेरे. लिव्हर दाबून धरली तर २० वर आले. पूर्ण थांबले नाहीत. मग खाली वाकून बघितलं तर लिव्हरच्या दांडीची पिन मधोमध इतकी खाल्लेली की कंबर दिसत होती. भोकही लांबट झालंय. तेलाबद्दल वडिलांना विचारलं. दोन वर्षांपूर्वी गळती झाली तेव्हा दुकानात मिळालं ते टाकलं, डब्यावर काय होतं ते आठवत नाही म्हणाले.

जुना फिटर, सांगली:

मग दोन्ही दुखणी आहेत. पिन नवी घाला, भोक भरून पुन्हा पाडून घ्या, आणि दांडीची लांबी अशी लावा की लिव्हर खाचेत बसायच्या आधी व्हॉल्व्ह शेवटाला टेकलेला असेल. लॉकनट विसरू नका. दांडी जास्त ताणलीत तर चालू करताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडणार नाही, क्लच घसरेल आणि प्लेटा जळतील. म्हणून लावल्यावर चालूची बाजूही तपासा.

एक विचारतो, रागावू नका. ओळीच्या टोकाला वळताना पीटीओ बंद करता का?

निफाडची बाग:

हो, प्रत्येक ओळीला. औषध वाया जाऊ नये म्हणून. एका फवारणीत चाळीसेक वेळा तरी होत असेल.

जुना फिटर, सांगली:

तिथेच ब्रेक संपला. ब्लोअरचा पंखा पूर्ण वेगात असताना लिव्हर बंद केली की त्या छोट्या ब्रेकवर अख्ख्या पंख्याचा जोर येतो. हा ब्रेक रिकामा शाफ्ट धरायला आहे, फिरतं वजन थांबवायला नाही. वळताना नोझलचा कॉक बंद करा, पीटीओ चालू राहू द्या. काम संपल्यावर आधी रेस पूर्ण कमी करा, पंखा मंद होऊ द्या, मग लिव्हर. ब्लोअरच्या शाफ्टला एकाच बाजूने ओढणारा क्लच आहे का तेही बघा. तो असला की पंखा आपला आपण फिरून थांबतो, ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येत नाही.

निफाडची बाग:

सगळ्यांचे आभार. काल तेल पूर्ण काढलं. काळं आणि काकवीसारखं घट्ट निघालं, जाळीवर बारीक तपकिरी चुरा होता. पुस्तिकेत लिहिलेलं तेल भरलं, फिल्टर बदलला, पिन आणि दांडी नवी केली. आज सकाळी सातला पुन्हा खडू मारून मोजलं. आठ फेरे होऊन थांबला. दुपारी दोन फेऱ्यांत. शाफ्टला कव्हर आणलंय, पिवळं.

तपकिरी चुरा हा ब्रेकच्या लायनिंगचा असेल का? आणि फोडायचाच झाला तर माल निघाल्यावर मार्चमध्ये फोडला तर चालेल?

जुना फिटर, सांगली:

लायनिंगचाच असावा, किंवा क्लचच्या फायबर प्लेटांचा. शाफ्ट थांबतोय तोवर मार्चपर्यंत चालवा, पण दर आठवड्याला खडू मारून फेरे मोजा आणि वहीत लिहा. आकडा वाढायला लागला तर मार्चची वाट बघू नका. फोडाल तेव्हा ब्रेकबरोबर क्लचच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का बघा, निळ्या पडलेल्या परत घालू नका. नव्या फायबर प्लेटा रात्रभर त्याच तेलात भिजवून मगच बसवा. पिस्टनच्या ओ-रिंगा आणि सील सगळे नवे. जुना सील चांगला दिसतो म्हणून ठेवला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच काम निघतं.

वडिलांना नमस्कार सांगा. टॉवेल डोक्याला बांधा म्हणावं, खांद्यावर नको.