शब्दचर्चा : फेल्किनला ‘मांत्रिक’ म्हणावं का?

प्रश्न : डॉ. रॉबर्ट फेल्किनवर टिपण लिहिते आहे. ‘ऑकल्टिस्ट’साठी मांत्रिक, ‘ऑर्डर’साठी पंथ आणि ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मूळ संस्थेतून बाहेर पडला म्हणून ‘फुटीर’ असे शब्द योजले आहेत. चालतील?

उत्तर : मांत्रिक अजिबात नको. मांत्रिक म्हटलं की अंगारा, उतारा, झाडफूक हेच डोळ्यांपुढे येतं. शिवाय 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर या शब्दाला गुन्ह्याचा वासही चिकटला आहे. फेल्किन (1853–1926) पेशाने डॉक्टर. मिशनरी म्हणून आफ्रिकेत असताना 1879 मध्ये बुन्योरो राज्यात (आजच्या युगांडात) त्याने तिथल्या वैद्याने केलेलं सिझेरियन पाहिलं. केळ्याच्या दारूने हात आणि पोट धुतलं, नंतर लोखंडी टाचण्यांनी जखम बंद केली, हे सगळं त्याने 1884 मध्ये एडिंबराच्या वैद्यकीय मासिकात बारकाईने लिहून ठेवलं. त्याच चिकाटीने तो पुढे गूढविद्येकडे वळला. मी ‘गूढविद्येचा साधक’ लिहीन. ‘गूढवादी’ मात्र टाळा. तो शब्द आपण मिस्टिकसाठी, म्हणजे ईश्वराशी एकरूप होऊ पाहणाऱ्यासाठी, वापरतो आणि या गोष्टीत तो फरक फार मोलाचा आहे.

दुसरं उत्तर : मोलाचा का, ते सांगतो. गोल्डन डॉन ही संस्था 1888 मध्ये लंडनला निघाली. 1900 मध्ये सभासदांनी प्रमुख मॅथर्सविरुद्ध बंड केलं आणि 1903 मध्ये उरलेल्यांतही दोन तट पडले. ए. ई. वेट हा सभासद आणि त्याच्या मंडळींना जादूची कर्मं नको होती, गूढवादी भक्तिमार्ग हवा होता. लंडनच्या मूळ टेंपलचं, म्हणजे संस्थेच्या तिथल्या शाखेचं, नाव त्यांच्याकडे राहिलं. फेल्किनच्या मंडळींनी जुनी कर्मं चालू ठेवली आणि ‘स्टेला मॅट्युटिना’ या नव्या नावाने कारभार मांडला. नाव एकाकडे, आचार दुसऱ्याकडे! मग फुटीर कोण? हा शब्द वापरला की आपण निकालच देऊन बसतो. ‘वेगळी चूल मांडली’ म्हणा. त्यात कोणाचा पक्ष घेतला जात नाही.

नावाचं म्हणाल तर लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पहाटेचा तारा, म्हणजे आपली शुक्राची चांदणी. येशूची आई मरिया हिच्या स्तुतिमालेतही तिला हेच संबोधन आहे. नाव तसंच ठेवून अर्थ एकदा सांगावा.

पहिलं उत्तर, पुढे : ‘पंथ’ही मला पटत नाही. पंथाला अनुयायी असतात, आणि माळ घातली की माणूस त्यात आला. इथे पायऱ्या होत्या. नव्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी, कमरेला दोरीचे तीन वेढे, अशा अवस्थेत त्याला आत आणत आणि शपथ देत. पुढच्या पायरीची दीक्षा मिळेपर्यंत तिथली शिकवण त्याला कळत नसे. ‘दीक्षामंडळ’ म्हटलं तर हे सारं त्यात येतं. नवख्याला ‘नवदीक्षित’ म्हणावं.

प्रश्नकर्ती : आणि ‘टेंपल’? न्यूझीलंडमध्ये हॅवलॉक नॉर्थला फेल्किन 1916 मध्ये स्थायिक झाला. तिथल्या ‘फारे रा’ या घराच्या तळघरात दीक्षाविधी होत. माओरीत या नावाचा अर्थ सूर्याचं घर.

दुसरं उत्तर : देऊळ किंवा मंदिर लिहू नका. वाचक मूर्ती, गाभारा शोधेल. तिथे सात भिंतींची रंगवलेली खोली होती, एकेका भिंतीवर चाळीस चौकटी. ‘दीक्षागृह’ बरोबर बसतं. आणि ते 1978 पर्यंत चालू होतं, म्हणून टिपणात ‘अल्पजीवी’ असं काही लिहिलं असेल तर तेवढं काढा.