मदत हवी आहे: एमडी, उंदीर आणि नागपूरचा उन्हाळा

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एम.फार्म. करतेय, सेमिनारचा विषय मेफेड्रोन, म्हणजे रस्त्यावर विकलं जाणारं नशेचं 'एमडी'. २०१५ पासून त्यावर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली बंदी आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मेंदूत ते डोपामिन आणि सेरोटोनिन ही दोन्ही संदेशवाहक रसायनं झपाट्याने वाढवतं, धावपळ वाढते, एवढं वाचून झालंय.

अडलंय ते तापमानापाशी. याच्याच जवळच्या एमडीएमएमुळे ('एक्स्टसी' नावाची नशा) गार खोलीत उंदराचं अंग थंड पडतं, ३० अंशांच्या खोलीत मात्र तापतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो! आमच्या वस्तीतली पोरं यात अडकताहेत, म्हणून जीव तुटतो. मेफेड्रोनवर खोलीचं तापमान बदलून केलेले उंदरांवरचे प्रयोग कुणी वाचलेत का? फार्माकॉलॉजीवाल्यांनी कृपया सांगा.