गुळाचा पाक ओळखणारं उपकरण बनवलंय. कारखानदाराला दाखवण्याआधी काय करू?

करवीरचा_पोर:
आमचे वडील तीस वर्षं गुळव्या आहेत, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ रांधतात. काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या कढईतला) फेस कसा बसतोय, बुडबुडा कसा फुटतोय, पाण्यात सोडलेल्या पाकाची गोळी होते का, हे बघून ते काहिल उतरवायला सांगतात. जरा उशीर झाला की गूळ करपतो, घाई झाली की ढेप मऊ राहते. आता त्यांना मोतीबिंदू झालाय, आणि नवी पोरं चुलाणाजवळ उभी राहायला तयार नाहीत. म्हणून दोन हंगाम खपून मी पाक आला की भोंगा वाजवणारं उपकरण केलं. नुसतं तापमान मोजून भागत नाही. ११८ अंशांच्या आसपास पाक येतो खरा, पण ऊस लागणीचा (नवा लावलेला) की खोडव्याचा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला), यावर तो आकडा सरकतो. त्यावर मी काढलेला उपाय असा: (इथली तीन वाक्यं काढली आहेत. खालचं उत्तर वाचा.)

एक यंत्र कारखानदार म्हणतात, "आधी सगळी ड्रॉइंग्ज पाठव, मग बोलू. करार कशाला, आपण घरचीच माणसं." पुढच्या महिन्यात एका कृषी प्रदर्शनात स्टॉलही मिळतोय. मी काय करावं?

वेंगुर्ल्याची_काजूवाली:
भावा, आधी ती उपायाची वाक्यं काढ. आत्ताच. तू इथे लिहिलंस म्हणजे जगाला सांगितलंस, आणि अर्जाआधी जगाला सांगितलं की पेटंट हातचं जातं.

मी हे भोगलंय. काजूबी फोडताना बायकांचे हात तेलाने भाजतात, म्हणून मी पायाने चालणारं कटर केलं. लहानमोठ्या बीसाठी पातं आपोआप सरकायचं, तीच त्यातली खुबी. प्रदर्शनात मांडलं, लोकांनी कौतुक केलं, एकाने व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला. पाच महिन्यांनी मी पेटंटचा अर्ज केला. परीक्षण अहवाल आला, तर त्यात माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून तोच व्हिडिओ. व्हिडिओत हात माझा, आवाज माझा. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलं तर १२ महिन्यांची सवलत असते. माझं प्रदर्शन तालुक्याचं होतं. आज ते कटर दोन जण बनवून विकतात आणि मला बोलायला जागा नाही. स्टॉल घे, पण अर्जाचा क्रमांक हातात आल्यावरच.

अर्ज_लिहिणारा:
मी पेटंट एजंट आहे. ताईंचं अगदी बरोबर. तुम्ही पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन भरला तर सरकारी फी १,६०० रुपये. त्या तारखेपासून १२ महिन्यांत पूर्ण अर्ज भरायचा, नाहीतर पहिला बाद होतो. प्रोव्हिजनल म्हणजे दोन ओळी खरडणं नव्हे. त्यात जे लिहिलेलं नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. म्हणून उपकरणाचे सगळे भाग, जोडणी, आकृत्या घाला. तीन वाक्यं किती दिवस इथे होती तेही एजंटला खरं सांगा.

'पाक ओळखणं' ही कल्पना कुणाच्याच मालकीची होत नाही. पारंपरिक ज्ञानाला पेटंट कायद्याच्या कलम ३(पी)मुळे पेटंट नाही, नुसत्या सॉफ्टवेअरला आणि अल्गोरिदमला ३(के)मुळे नाही. त्यामुळे उपकरण म्हणून मांडा. कोणत्या उसाला कोणता आकडा, हा तुमचा तक्ता मात्र बाहेर कुणाला देऊ नका, आणि अर्जात त्यातलं किती द्यावं लागेल ते एजंटशी बोलून ठरवा. अर्ज पुढे प्रसिद्ध होतो, आणि आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही.

कारखानदाराकडे गोपनीयतेचा करार मागायला लाजू नका. कोणत्या तारखेला कोणती ड्रॉइंग्ज दाखवली, कशासाठी दाखवली, हे त्यात लिहा. भेटून आलात की त्याच संध्याकाळी ईमेल करा: "आज गोपनीय म्हणून दाखवलेली माहिती अशी." झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या खटल्यात २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने विश्वासाने सांगितलेल्या मालिकेच्या संकल्पनेला संरक्षण दिलं. पण तिथे संकल्पना नीट लिहून काढलेली होती आणि दिल्याची नोंद होती.

करवीरचा_पोर:
वाक्यं चाळीस मिनिटं होती. काढली. कारखानदारांना फोन करून सांगितलं, अर्ज झाल्यावर करार करून दाखवतो. ते जरा दुखावले, पण "ये तेव्हा" म्हणाले.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या हंगामात १४० काहिलींना वडील "आता" म्हणायचे आणि मी त्या क्षणाचे आकडे लिहायचो. काढून टाकलेल्या वाक्यांतली मूळ कल्पनाही त्यांच्याच बोलण्यातून सुचली. ते काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. अर्जात त्यांचं नाव घालता येईल?

अर्ज_लिहिणारा:
घालता येईल. नुसते आकडे सांगितले असते तर नसतं आलं. पण कल्पनेचा गाभाच त्यांच्याकडून आला असेल तर ते सहसंशोधक आहेत, आणि नाव घालायलाच हवं. फॉर्म १ मध्ये दोघांचीही नावं लिहा.

करवीरचा_पोर:
आज गुऱ्हाळावर जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि सही कुठे करायची ते विचारलं.