‘निपी’ हे विशेषण नेमके कशा थंडीला लावावे?

कांदोळीवासी: आमच्याकडे पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत. परवा सकाळी व्हरांड्यात चहाला आलेल्या एका ब्रिटिश आजी शाल लपेटून घेत ‘अ बिट निपी धिस मॉर्निंग’ असे म्हणाल्या. घरातल्या छोट्या शब्दकोशात या शब्दाचा ‘चपळ’ एवढाच अर्थ आहे. हा शब्द थंडीलाही वापरतात का, आणि येणाऱ्या पाहुण्यांना हवामान कळवताना आम्ही तो लिहिला तर चालेल का?

फोंड्याचा मास्तर: वापरतात. ‘निप’ म्हणजे चिमटा काढणे. गारठा कानाच्या पाळ्यांना आणि नाकाच्या शेंड्याला झोंबू लागला, की ब्रिटिश माणूस हवेला ‘निपी’ म्हणतो. हे विशेषण हवेला, वाऱ्याला किंवा सकाळ-संध्याकाळला लागते; ‘आय ॲम निपी’ म्हटल्याने ‘मला थंडी वाजते’ असा अर्थ होत नाही, आणि फ्रिजमधल्या बिअरला तर ते मुळीच लावू नये. जोडीला ‘अ बिट’ बहुधा असतेच, कारण तक्रार करायची असली तरी ती तक्रार वाटू द्यायची नसते. मराठीत याला ‘बोचरी थंडी’ म्हणता येईल.

साखळीची वाचक: मास्तरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. बोचऱ्या थंडीत माणूस कुडकुडतो, ‘निपी’ हवेत मात्र एका शालीने भागते. आपण ‘आज जरा गारठा आहे’ म्हणतो, तेवढीच ती. शिवाय हा शब्द तापमापकापेक्षा सवयीवर अधिक अवलंबून असतो. जानेवारीत पणजीला पहाटे पारा 20 अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तो 30 च्या वर जातो. लंडनमध्ये 20 अंश म्हणजे सुखद उन्हाळी दिवस. तरीही इथल्या दुपारच्या उन्हाला सरावलेल्या आजींना पहाटेचा वारा झोंबला, यात नवल नाही.

मडगावकर: आपल्या शब्दकोशातला अर्थही खोटा नाही. गर्दीतून चटकन वाट काढणाऱ्या लहान मोटारीला इंग्रज आजही ‘निपी’ म्हणतात, आणि 1920 च्या दशकात लंडनच्या लायन्स कंपनीच्या चहागृहांतील लगबगीने वावरणाऱ्या वाढपिणींना ‘निपी’ हेच नाव मिळाले होते. हवामान कळवताना मात्र हा शब्द टाळावा, कारण तो गप्पांतला आहे आणि पाहुणे इंग्लंडबाहेरचे असतील तर त्यांचा गोंधळही होईल. त्याऐवजी ‘कूल मॉर्निंग्ज’ असे लिहून सोबत हलकी शाल आणण्यास सुचवावे.